शालेय रग्बी : वयाची रेघ आणि दुसरी फळी

ऑकलंडकर

मुंबईत शालेय क्रिकेटच्या हॅरिस आणि गाइल्स शील्डचे निकाल ज्या ओढीने वाचले जातात, त्याच ओढीने न्यूझीलंडमध्ये शाळांच्या पहिल्या संघांचं, म्हणजे 'फर्स्ट फिफ्टीन'चं रग्बी पाहिलं जातं. सामना संपला की चर्चा होते फ्लाय-हाफच्या किकची आणि विंगच्या धावेची. माझ्या मते निकाल बऱ्याचदा हंगाम सुरू होण्याआधीच दोन कागदांवर दिसतो. पहिला कागद जन्मतारखांचा, दुसरा स्क्रमच्या (दोन्ही संघांची आठ-आठ मुलं एकमेकांना भिडून ढकलतात त्या रचनेच्या) पुढच्या रांगेत खेळू शकणाऱ्या मुलांच्या यादीचा.

आधी वय. इथली अट अशी की खेळाडूला त्या वर्षीच्या १ जानेवारीला १९ पूर्ण झालेली नसावीत. शाळेचं वर्ष फेब्रुवारी ते डिसेंबर आणि रग्बी हिवाळ्यात. त्यामुळे २ जानेवारीला १९ पूर्ण करणारा मुलगा ऑगस्टमधल्या बाद फेरीत साडेएकोणीस वर्षांचा असतो आणि तरीही नियमात बसतो. तेरावीची, म्हणजे इथल्या शाळेच्या शेवटच्या वर्षाची, बहुतेक मुलं १७-१८ची असतात. म्हणजे असा मुलगा बहुधा एक वर्ष जास्त थांबलेला असतो. त्याच्यासमोर अकरावीतला १५-१६ वर्षांचा सेंटर उभा राहू शकतो. दोघांच्या वजनात पंचवीस-तीस किलोंचा फरक पडणं अशक्य नाही, आणि वजनापेक्षा मोठा फरक मान, खांदे आणि पाठीच्या ताकदीत असतो.

आता संख्या. बारा शाळांची एकेरी साखळी धरा. अकरा सामने, मग उपांत्य आणि अंतिम, असे तेरा शनिवार. दर सामन्यात सरासरी दोन मुलं जायबंदी होतात आणि प्रत्येक जण तीन आठवडे बाहेर बसतो, एवढंच गृहीत धरलं तरी हंगामाच्या मध्यावर कोणत्याही शनिवारी सहा मुलं उपलब्ध नसतात. सामन्यासाठी २३ हवीत (१५ मैदानात, ८ बदली), म्हणून तयार हवीत २९. पहिल्या पंधरांच्या जिवावर मेमध्ये सगळे जिंकतात. जुलैत विसाव्या ते एकोणतिसाव्या क्रमांकाची मुलं कोण आहेत यावर गुणतक्ता ठरतो.

दोन्ही गोष्टींवर माहितगारांनी लिहावं म्हणून धागा काढतोय.

पुढची_रांग

२९चा हिशोब पटला, पण सगळ्या जागांना तो सारखा लागू होत नाही. विंग जायबंदी झाला तर फुलबॅक तिथे जातो आणि सामना चालू राहतो. पुढच्या रांगेतला प्रॉप गेला तर तसं करता येत नाही.

वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेच्या नियमात पुढच्या रांगेचं प्रशिक्षण घेतलेल्या मुलांची किमान संख्या ठरलेली आहे. संघात १५ नावं दिली तर ३, १६ ते १८ दिली तर ४, १९ ते २२ दिली तर ५ आणि २३ दिली तर ६. या सहांमध्ये लूजहेड (डावा प्रॉप), टाइटहेड (उजवा प्रॉप) आणि हुकर (मधला) या तिन्ही जागांचा एकेक बदली खेळाडू असायला हवा. नुसती सहा धिप्पाड मुलं दाखवून भागत नाही.

बदली संपले की रेफरी विनाजोर स्क्रम पुकारतो. दोन्ही संघ आठ-आठ मुलं बांधतात, पण कुणी ढकलायचं नाही, आणि ज्याने चेंडू आत टाकला त्यालाच तो मिळतो. ज्या संघाने वर्षभर स्क्रमवर मेहनत घेतली, त्याचं हत्यार तिथेच काढून घेतलं जातं. कमजोर संघाला यात फायदा दिसू नये म्हणून आणखी एक तरतूद आहे. २३ नावं दिलेली असताना ज्या खेळाडूच्या बाहेर जाण्याने ही वेळ आली, त्याच्या जागी दुसरा कुणी आत येत नाही. संघ चौदावर खेळतो. २३हून कमी नावं असतील तर हे कलम लावायचं की नाही, हे आयोजक ठरवतो. हंगामाआधी स्पर्धेच्या नियमपत्रिकेत हे आवर्जून पाहावं.

त्यामुळे ऑकलंडकर म्हणतात त्या २९ मध्ये पुढच्या रांगेची निदान आठ हवीत, शक्य तर नऊ. बहुतेक शाळांची गाडी इथेच अडते. पहिल्या संघाने दुसऱ्या संघातून दोन प्रॉप उचलले की दुसऱ्या संघाचा स्क्रम विनाजोर होतो, मग तो संघ तिसऱ्यातून ओढतो. पहिल्या संघातली एक दुखापत शनिवारी सकाळी तीन सामने बिघडवते.

कोथरूडचा_विंग

मग दुसऱ्या रांगेतल्या एखाद्या जाडजूड मुलाला पुढे बसवलं तर? १९ वर्षांखालील स्क्रममध्ये तसंही फार ढकलू देत नाहीत ना?

पुढची_रांग

नाही, तसं करू नये. १९ वर्षांखालील नियमांत दीड मीटरपेक्षा जास्त ढकलता येत नाही, स्क्रम मुद्दाम फिरवता येत नाही आणि तो ४५ अंशांपलीकडे फिरला तर रेफरी थांबवून पुन्हा लावतो. मोठ्यांच्या खेळात हीच मर्यादा ९० अंशांची आहे. पण धोका ढकलण्यात कमी आणि स्क्रम कोसळण्यात जास्त आहे. कोसळताना मान वाकलेली, डोकं खाली आणि मागून पाच जणांचा भार, अशी अवस्था होते.

प्रॉप तयार करायचा तर क्रम पाळावा लागतो. आधी एकटा: पाठ सपाट, खांदे कंबरेपेक्षा खाली नाहीत, पाय खांद्यांएवढे फाकलेले, नजर वर. मग एकास एक, गुडघ्यांवर, जोर न लावता. मग उभ्याने एकास एक. त्यानंतर तिघांस तिघे, पाचांस पाच आणि शेवटी आठांस आठ. प्रत्येक टप्प्यावर 'क्राउच, बाइंड, सेट' या हाका ऐकूनच हालचाल. पकड समोरच्याच्या पाठीवर किंवा कुशीवर हवी. ती दंडावर गेली की खांदा खाली ओढला जातो आणि स्क्रम बसतो. स्क्रम मशीन असेल तर चांगलं, पण मशीन परत ढकलत नाही. समोर माणूस असल्याशिवाय दाब कुठून येतो हे मुलाला कळत नाही. आठवड्यातून दोन सत्रं धरली तर नव्या मुलाला सामन्यासाठी उभं करायला सहा ते आठ आठवडे द्यावेत. म्हणजे जुलैतली फट भरायची तयारी मे उजाडताच सुरू झालेली हवी.

हुकरचं आणखी एक. लाइनआउटची, म्हणजे बाजूरेषेबाहेर गेलेला चेंडू परत आत टाकण्याची, फेक तोच करतो. बदली हुकरला स्क्रम येतो पण फेकता येत नाही, ही तर नेहमीची तक्रार. त्याला रोज पन्नास फेकी द्या: पाच मीटरवर, मधोमध आणि शेवटच्या उडीवर.

लिफीकाठ

आयर्लंडमधून वेगळं चित्र. इथे स्पर्धेची घडण वेगळी, म्हणून संख्येचं वजनही वेगळं.

अल्स्टर स्कूल्स कप १८७६ पासून चालू आहे आणि त्याचा अंतिम सामना १७ मार्चला, सेंट पॅट्रिक दिनी होतो. लिन्स्टर स्कूल्स सीनिअर कप १८८७चा. दोन्ही मुळात बाद पद्धतीचे. सोळा संघांच्या बाद फेरीत चार सामने जिंकले की करंडक हातात. सामन्यांमध्ये दिवसही मिळतात. अठरा चांगली मुलं असलेली शाळा चार सामने तग धरू शकते, तेरा नाही. म्हणून धक्कादायक निकाल बाद फेरीत जास्त लागतात, आणि लांब साखळीत मोठी शाळा शेवटी वर येते.

तरीही लिन्स्टरचा कप सर्वाधिक वेळा ब्लॅकरॉक कॉलेजने जिंकलाय, कारण तिथे ज्युनिअर कपची पिढी दोन-तीन वर्षांनी तशीच्या तशी वर येते. आयर्लंडच्या माध्यमिक शाळेत चौथं 'ट्रान्झिशन' वर्ष बऱ्याच ठिकाणी ऐच्छिक असतं. ते घेणारा मुलगा सीनिअर कपला एक वर्ष मोठा होऊन येतो. कागदावर वर्ग तोच, अंगात मात्र जिमचे बारा महिने जास्त.

१९ वर्षांखालील नियमांमुळे आणखी एक गोष्ट होते. सामना ७० मिनिटांचा, ३५-३५चा, आणि बाद फेरीतही जादा वेळ देता येत नाही. बरोबरी झाली तर फेरसामना, ट्रायची (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवण्याची) संख्या, संयुक्त विजेते की आणखी काही, हे आयोजकाने आधीच लिहून ठेवायला लागतं. फेरसामना ठेवला तर चार दिवसांत दुसऱ्यांदा उतरायचं असतं. तिथे पुन्हा दुसरी फळी.

अस्थिविचार

वयाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण फक्त १९च्या रेघेवर बोलून उपयोग नाही. खरा घोटाळा १४ वर्षांखालील गटात सुरू होतो.

मुलांची उंची सर्वांत वेगाने वाढते ती साधारण साडेतेरा-चौदाच्या आसपास. वजन आणि ताकद त्यामागून काही महिन्यांनी येते. पण कुणाचं हे बाराव्या वर्षी होतं, कुणाचं सोळाव्या. एकाच इयत्तेतल्या दोन मुलांच्या शारीरिक वयात चार वर्षांपर्यंत अंतर असू शकतं. त्यात जन्ममहिन्याची भर. इंग्लंडात गट १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असे पडतात. सप्टेंबरचा आणि पुढच्या ऑगस्टचा मुलगा एकाच संघासाठी चाचणी देतात. चौदाव्या वर्षी अकरा महिने म्हणजे पुष्कळ.

निवड करणारा काय करतो? लवकर वाढलेल्या मुलाच्या हातात चेंडू देतो आणि १४ वर्षांखालील सामने ५०-० जिंकतो. तो मुलगा 'अ' संघात जातो, त्याला चांगला प्रशिक्षक मिळतो. उशिरा वाढणारा 'क' संघात जातो, बाकावर बसतो आणि पंधराव्या वर्षी हॉकी किंवा फुटबॉलकडे वळतो. सतराव्या वर्षी त्याची उंची लवकर वाढलेल्याला गाठते, कधी ओलांडते, पण तोवर तो रग्बीत नसतो. आणि लवकर वाढलेल्याला टॅकल चुकवायची, पास टाकायची गरजच कधी पडलेली नसते.

म्हणजे ऑकलंडकरांनी मांडलेले दोन मुद्दे वेगळे नाहीतच. चौदाव्या वर्षी वयाकडे दुर्लक्ष करून आकारावर निवड करा, अठराव्या वर्षी दुसरी फळी रिकामी मिळते.

उपाय आहेत. न्यूझीलंडमध्ये लहान वयोगटांत वजनाच्या मर्यादेचे गट पूर्वीपासून आहेत. दुसरा उपाय शारीरिक परिपक्वतेनुसार गट करण्याचा. खामिस-रोश पद्धतीत मुलाचं वय, उंची, वजन आणि आईवडिलांच्या उंचीची सरासरी घेऊन त्याची प्रौढ उंची किती होईल याचा अंदाज काढतात. आज तो त्याच्या किती टक्के आहे ते पाहून ८५-९०, ९०-९५ असे गट पाडतात. क्ष-किरण लागत नाहीत, शाळेच्या क्रीडाशिक्षकाला करता येतं. पालकांनी सांगितलेली उंची मात्र तशीच लिहून घेऊ नका, मोजा. सगळेच दोन-तीन सेंटिमीटर वाढवून सांगतात. हे सरावाच्या काही सत्रांसाठी वापरावं, पूर्ण स्पर्धा त्यावर चालवू नये. वजन सारखं असलं तरी बारा आणि पंधरा वर्षांच्या मुलांची समज सारखी नसते.

कोथरूडचा_विंग

+१. आकार आणि दुसरी फळी यांचा हा संबंध लक्षातच आला नव्हता.

केपवासी

दक्षिण आफ्रिकेत संख्येचा प्रश्न उलट बाजूने दिसतो. पार्ल बॉईज हाय विरुद्ध पार्ल जिम्नॅझियम किंवा पॉल रूस, ग्रे कॉलेज अशा शाळांच्या लढतीच्या दिवशी १४अ, १४ब, १४क पासून पहिल्या संघापर्यंत सकाळपासून सामने चालतात. दोन शाळांमध्ये एका दिवसात वीसच्या आसपास सामने होणं इथे नवल नाही. १४फ मध्ये खेळणाऱ्या मुलालाही प्रशिक्षक, वेळापत्रक आणि प्रतिस्पर्धी मिळतो. अस्थिविचार म्हणतात तो उशिरा वाढणारा मुलगा इथे टिकतो, कारण त्याला खेळायला मिळतं. संख्या म्हणजे फक्त जास्त मुलं नाहीत. खालच्या संघांचे सामने होतात की नाही, हे बघायचं असतं.

मात्र यालाही दुसरी बाजू आहे. या शाळा तेराव्या-चौदाव्या वर्षी शिष्यवृत्ती देऊन लहान गावांतली चांगली मुलं आणतात. त्या गावांच्या शाळा मग १५ मुलंही जमवू शकत नाहीत. प्रांतांच्या शालेय संघांच्या क्रेव्हन वीक स्पर्धेत, जी १९६४ मध्ये ईस्ट लंडनला सुरू झाली, अट १८ वर्षांखालीलची आहे. शाळेच्या पहिल्या संघात मात्र त्याहून मोठा मुलगा दिसू शकतो. म्हणून शाळेचा संघ आणि प्रांताचा संघ यांची तुलना करताना आधी अट पाहावी.

ऑकलंडकर

मुलं पळवण्याचा हा प्रश्न इथेही पेटला होता. २०१८च्या अखेरीस ऑकलंडच्या वरच्या गटातल्या बाकीच्या शाळांनी एका शाळेशी खेळायलाच नकार देण्याचा इशारा दिला, कारण ती दुसऱ्या शाळांतले तयार खेळाडू घेत होती. त्यातून शाळेत नव्याने आलेल्या खेळाडूंवरच्या बंधनांची चर्चा पुढे गेली. मला ही बंधनं वयाच्या अटीइतकीच महत्त्वाची वाटतात. सतराव्या वर्षी तयार प्रॉप बाहेरून आणता येत असेल, तर नववीतल्या मुलाला घडवायला कुणी बसणार नाही.

लिफीकाठ, श्रीलंकेची ब्रॅडबी शील्डही या संदर्भात पाहण्यासारखी. १९४५ पासून कोलंबोचं रॉयल आणि कँडीचं ट्रिनिटी यांच्यात दोन सामने, एक कोलंबोत, एक कँडीत, आणि दोन्हींच्या गुणांची बेरीज. पहिल्या सामन्यात वीस गुणांनी पुढे असलेला संघ दुसऱ्यात मुख्य हुकरशिवाय उतरला तर ते वीस गुण पुरत नाहीत.

लिफीकाठ

बेरजेच्या पद्धतीत पहिल्या सामन्यातली डोक्याची दुखापतही मोजावी लागते. ब्रिटनच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचनांनुसार डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसल्याचा संशय आला, तर २१ दिवसांच्या आत सामना खेळता येत नाही, तोही शेवटचे १४ दिवस लक्षणं नसतील तरच. ऑकलंडकरांनी दुखापतीचे तीन आठवडे धरलेत. या दुखापतीत तो कमीत कमी काळ आहे. इथे प्रशिक्षकाला सवलत नाही आणि नसावीच. ज्या शाळेकडे बदली नसतो, तिथेच मुलगा 'मी ठीक आहे' म्हणतो आणि मोठी माणसं ऐकून घेतात.

सातजण_सातारा

महाराष्ट्रात काय करता येईल? शालेय क्रीडा स्पर्धांत गट १४, १७ आणि १९चे, जन्मतारखेची रेघ १ जानेवारीची. रग्बी आपल्याकडे मुख्यतः सातजणांचं. सात मैदानावर, पाच बदली, सात-सात मिनिटांचे दोन भाग, स्क्रम तिघांस तिघे. आकडे लहान, तरी प्रश्न तोच. एका दिवसात तीन-चार सामने होतात आणि बाराच मुलं. पहिल्या सामन्यात सातच मुलं पूर्ण वेळ पळवली तर तिसऱ्या सामन्यात टॅकल उंच जायला लागतात, दुखापती तिथे होतात. पाचही बदली पहिल्या सामन्यापासून वापरायचे. उत्तरार्धात निदान तीन ताजी मुलं.

दुसरं, वयचोरी. कागद फिरवले जातात हे सगळ्यांना माहीत आहे. क्रिकेटमध्ये बीसीसीआय १६ वर्षांखालील मुलांसाठी टीडब्ल्यू-३ हाडचाचणी वापरतं. रग्बीतही ती आणावी का?

अस्थिविचार

टीडब्ल्यू-३ मध्ये डाव्या हाताच्या आणि मनगटाच्या क्ष-किरणावरून हाडं किती पक्व झालीत ते कळतं. जन्मतारीख कळत नाही. लवकर वाढलेला प्रामाणिक तेरा वर्षांचा मुलगा त्यात बाद होऊ शकतो आणि उशिरा वाढणारा सोळाचा मुलगा पास होऊ शकतो. सतरा-अठरानंतर तर बहुतेकांची हाडं जुळलेली असल्यामुळे १९च्या गटात तिचा उपयोग नाही. चौदाच्या गटात रग्बीसाठी ती अर्थपूर्ण आहे, पण 'खोटारडा' ठरवायला नको. 'हा मुलगा या गटात सुरक्षित नाही किंवा याच्यामुळे इतर सुरक्षित नाहीत, वरच्या गटात खेळवा' एवढं सांगायला वापरावी. कागदांसाठी पहिलीच्या प्रवेशाची शाळेतली नोंद आणि जन्मानंतर वर्षभरात झालेली नोंदणी, या दोन गोष्टी मागितल्या तर बरंच काम होतं. दहावीच्या तोंडावर काढलेला दाखला एकटा ग्राह्य धरू नये.

पूर्वेकडून

कमी मुलांचा प्रश्न जपानने अनेक मार्गांनी हाताळलाय. ओसाकाजवळच्या हानाझोनो मैदानावर डिसेंबरच्या २७पासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत राष्ट्रीय शालेय स्पर्धा चालते. सामने ३०-३० मिनिटांचे. बाद फेरीत बरोबरी झाली तर पुढे कोण जाणार ते चिठ्ठी टाकून ठरतं, अंतिम सामन्यात संयुक्त विजेते. निर्दय वाटतं, पण दोन दिवसांनी पुन्हा उतरणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला जादा वेळ पळवण्यापेक्षा बरं. जन्मदर घटल्यामुळे तिथे कित्येक शाळांत १५ मुलं मिळत नाहीत, म्हणून दोन-तीन शाळांचे संयुक्त संघ आणि दहाजणांचे सामने सुरू झाले. सातारकर, आपल्या तालुक्यांतही दहाजणांचा खेळ करून पाहण्यासारखा आहे. स्क्रम पाचांस पाच असल्यामुळे प्रॉप घडतात, आणि पंधरा जमवायचा ताण नाही.

कोथरूडचा_विंग

एक नेमका प्रश्न. समजा शाळेत १६ ते १९ची एकूण २४ मुलं आहेत, पुढच्या रांगेची पाच. पंधराजणांच्या स्पर्धेत उतरायचं. यादी कशी द्यावी?

पुढची_रांग

२३ नावं देऊ नका. २३ दिली की सहा पुढच्या रांगेची लागतात, ती तुमच्याकडे नाहीत, आणि चौदावर खेळायची तरतूद आपोआप लागू होते. २२ द्या, पाच पुरतात. पाचांतला एक जायबंदी असेल त्या आठवड्यात १८ द्या, चार पुरतात. चौथा मुलगा दोन्ही बाजूंना प्रॉप म्हणून खेळू शकेल असा हवा, आणि हुकरची जागा घेणारा त्या चौघांतच तयार हवा.

पाचपैकी कुणी १६चा असेल तर त्याला १९च्या मुलांसमोर स्क्रममध्ये बसवण्याआधी स्पर्धेची वरच्या गटात खेळण्याची अट वाचा. कित्येक ठिकाणी लेखी संमती लागते आणि पुढच्या रांगेसाठी ती दिलीच जात नाही. तसं असेल तर त्याला यादीत धरू नका, तुमच्याकडे चारच आहेत असं समजून १८ द्या. सरावात सहावा आणि सातवा आतापासून घडवायला घ्या. फ्लँकरमधला (स्क्रमच्या कडेला बांधणाऱ्यांमधला) आखूड मानेचा, रुंद खांद्यांचा, शांत स्वभावाचा मुलगा निवडा. वजन बघून निवडू नका. दुसरा संघ उतरवू नका, पण उरलेल्या मुलांसाठी शेजारच्या शाळेबरोबर दहाजणांचा सामना दर पंधरवड्याला ठरवून टाका, रेफरीसकट.